आज कुणी मेलं नाही ना

जेवण झालं की इल्मार विचारायचा,
काटा ताटाच्या कडेला अगदी सरळ ठेवून:
आज कुणी मेलं नाही ना, हेल्वे?
नाही.
नक्की?
नक्की.
मग तो उठायचा, भांडी विसळायचा.
इतकं स्वस्त होतं ते सुरुवातीला,
दोन शब्द, कॉफीच्या आधी.

हियुमा बेटाच्या या टोकाला टपालाची गाडी एकच.
आधी ती साल्मेचा नवरा चालवायचा, पिऊन,
आणि कुणाला खरचटलंसुद्धा नाही.
इल्मार थेंबाला शिवत नाही.
पण चाकाखाली बर्फाचं ढेकूळ फुटलं
की त्याच्या कानात ते माणसाचं हाड असतं.
तो मागे वळतो,
उतरून जुनिपरच्या झुडपांत वाकून बघतो,
पुढे जातो, आणि मग वाटतं
वळतानाच कुणी आलं नसेल ना खाली?
म्हणून वळलेली जागा बघायला पुन्हा वळतो.

सवय कुणाला नसते.
माझी आई घराबाहेर पडताना चुलीच्या दाराला तीनदा हात लावायची.
आजोबांनी होडीत कधी डावा पाय आधी टाकला नाही.
समुद्राची माणसं आम्ही, गाठ दोनदा ओढून बघणारी,
त्याला इथे शहाणपण म्हणतात.
ते शहाणपण उलटलं कधी?
मी कॅलेंडरची पानं उलटून शोधलंय.
म्हाताऱ्यांची पेन्शन अंधार पडल्यावर पोचली तेव्हा?
की मर्लेचा केक आम्ही त्याच्याशिवाय कापला,
आणि दहा वाजता तो दारात,
गुडघ्यांना चिखल, हातात टॉर्च?
की मी पहाटे त्याच्या आधी उठून
बंपरवरचा तांबडा गंज घासू लागले,
त्याला काही भलतंच दिसू नये म्हणून?
तो दिवस बहुतेक माझाच होता.

मन चिंती ते वैरी न चिंती.
आणि हा माणूस तर
माशीलाही खिडकी उघडून वाट देणारा.
तेच तर, हाप्सालूच्या क्यूलीबाई म्हणाल्या,
जिथे माया असते तिथेच तो दात रोवतो.
त्याला सांगितलं, वळायचं नाही.
मला सांगितलं, उत्तर द्यायचं नाही.
मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली.
परतताना बोटीत सव्वा तास
आम्ही दोघं पाण्याकडे बघत होतो.
बावीस वर्षांत मी त्याला
एक कुत्रा सोडून काही नाकारलं नव्हतं.

आज कुणी मेलं नाही ना?
मी मीठदाणीकडे बघत राहिले.
मला माहीत नाही, इल्मार.
त्याने असं पाहिलं,
जणू मीच कुणाला रस्त्यावर ढकललं होतं.
खाली गॅरेजचा दिवा लागला.
मी जिन्यावर बसून बोटं मोजली.
दहाच होती.
पुन्हा मोजली.

मार्चमध्ये एकदा मी त्याच्यासोबत गेले.
एमास्तेच्या फाट्यावर
एका फळीवर नऊ टपालपेट्या ठोकल्यात,
त्याच्या जरा पुढे: धप्प.
मीही ऐकलं.
त्याच्या मानेची शीर वर आली.
हात आरशाकडे गेला, अर्ध्यातून परतला.
एक किलोमीटर. दोन.
तो रडत होता आणि गिअर बदलत होता,
दोन्ही नीट करत होता.
मागे वळून मी पाहिलं.
त्याने नाही.

आता रोज विचारत नाही.
गुरुवारी विचारतो जास्त, का ते कळत नाही,
आणि कधी मध्येच आठवडाभर सगळं पहिल्यासारखं,
टॉर्चचे सेल संपतात.
काल जेवण झाल्यावर मात्र वेगळंच विचारलं:
त्या दिवशी फाट्यापुढे
तू मागे पाहिलंस ना?

काटा ताटात तिरका पडला होता.
मी म्हटलं, कॉफी घे, गार होतेय.